पिल्लू दोरी ओढतं तेव्हा: रंकाळ्याआधी गल्ली, गल्लीआधी घर

प्रश्न कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका ताईंचा आहे. त्यांचा लॅब, म्हणजे लॅब्रडॉर जातीचा कुत्रा, ब्रुनो, साडेचार महिन्यांचा. घरात गुणी, पण उंबरा ओलांडला की दोरी ताणून पुढे पळतो. मुलं रोज संध्याकाळी त्याला रंकाळा तलावावर नेतात. तिथे तो कुणाचंच ऐकत नाही, मधेच बसकण मारतो, नाहीतर दोरीच तोंडात धरून झटापट करतो. सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं, म्हणणं, "चोक चेन घाला, दोन हिसके बसले की सरळ येतंय बघा." काय करावं?

ताई, आधी चोक चेनचंच, म्हणजे ओढली की गळ्याला आवळणाऱ्या साखळीचंच बोलतो, कारण ती उद्याच घरात येऊ शकते. ती घेऊ नका. या वयात पिल्लाची मान, श्वासनलिका, तिथल्या नसा सगळंच कोवळं असतं. साध्या पट्ट्यानेसुद्धा मान ओढली गेली की डोळ्यांतला दाब वाढतो, छातीभोवती घालायच्या हार्नेसवर तसा वाढत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. मग आवळत जाणाऱ्या साखळीचं काय सांगायचं! पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हिसके देऊन, ओरडून शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये, खाऊ देऊन शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांपेक्षा ताणाची लक्षणं जास्त दिसली, लाळेतलं ताणाचं संप्रेरकही वाढलेलं आढळलं.

माझी खरी काळजी मात्र पुढची आहे. ब्रुनोला समोर दुसरा कुत्रा दिसतो, तो आनंदाने पुढे झेपावतो आणि त्याच क्षणी गळ्याला कळ येते. "मी ओढलं म्हणून दुखलं" असा हिशोब पिल्लू करत नाही. "तो कुत्रा दिसला आणि दुखलं" एवढंच त्याच्या मनात राहतं. असं महिनाभर चाललं, की वर्षाचा झाल्यावर हाच ब्रुनो प्रत्येक कुत्र्यावर भुंकायला लागतो आणि घरचे म्हणतात, "लहानपणी किती प्रेमळ होता हो!" दुसरा कुत्रा दिसला की अंगावर जातो, अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांना मी पहिला प्रश्न गळ्यात काय घालता हाच विचारतो.

तुमचे सासरे खोटं बोलत नाहीत. हिसका दिला की कुत्रं त्या क्षणी थांबतं, ते सगळ्यांना दिसतं, म्हणून त्यावर विश्वास बसतो. शिवाय त्यांनी पाहिलेली कुत्री मळ्यात नाहीतर वाड्याच्या दारात राखणीला असायची. साखळी बांधून ठेवायला असायची, सोबत घेऊन भर गर्दीतून फिरायला नव्हे. ब्रुनोकडून आपण वेगळंच काम मागतोय, त्यामुळे शिकवायची रीतही वेगळी लागणार. आप्पांना या शिकवण्यात एक महत्त्वाचं काम आहे, ते पुढे सांगतो.

आता पिल्लू ओढतं का, ते पाहू. एक तर त्याची नैसर्गिक चाल आपल्यापेक्षा जलद असते. दुसरं, अंगाला एका बाजूने ताण बसला की कुत्रं उलट बाजूला जोर लावतं, म्हणजे तुम्ही मागे खेचलंत की ते आणखी पुढे रेटतं. ही दोन्ही कारणं जन्मजात आहेत. तिसरं मात्र आपणच शिकवलेलं असतं: ओढलं की हवं ते मिळतं. मुलं ब्रुनोला रंकाळ्यावर नेतात असं तुम्ही लिहिलंय, पण खरं तर तोच मुलांना नेतोय. घरापासून तलावापर्यंत प्रत्येक पाऊल ताणलेल्या दोरीवर पडतं आणि शेवटी मिळतं काय, तर पाण्याचा वारा, माणसांची लाडीगोडी, चौपाटीवर भेळेचे सांडलेले चुरमुरे. रोज इतका भरघोस मोबदला मिळाल्यावर तो ओढणं का सोडेल?

म्हणून सगळ्या शिकवणीचा गाभा एवढाच धरा. ताणलेल्या दोरीवर पुढे एकही पाऊल पडायचं नाही आणि सैल दोरीवर चालणं त्याला फायद्याचं ठरलं पाहिजे. पहिला अर्धा भाग बहुतेकांना माहीत असतो. दुसरा विसरतात आणि मग महिनाभर नुसते रस्त्यात थांबत राहतात.

सामानाचं थोडक्यात. गळ्याला साधा रुंद पट्टा, आत दोन बोटं सहज जातील इतका सैल. त्यासोबत छातीवर इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस. काखेत घासतोय का ते दर आठवड्याला बघा, कारण या वयात लॅब भराभर वाढतो. दोरी दीड ते दोन मीटरची, कापडी किंवा नायलॉनची. बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी नको. तिच्यात सतत थोडा ताण असतो आणि ओढलं की ती लांब होते, म्हणजे आपल्याला नको तेच ती शिकवते. आपल्या भागात कारवान ही सडपातळ शिकारी जात पाळणारेही पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. कारवानचं डोकं अरुंद आणि मान लांब, त्यामुळे साधा पट्टा उलटा खेचून ते अलगद डोकं काढून घेतं. त्याला रुंद, ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा, नीट मापाचा पट्टा हवा.

खाऊ वाटाण्याएवढा, मऊ आणि पटकन गिळता येईल असा. घरात शिकवताना त्याच्या रोजच्या खाण्यातले दाणे चालतात. बाहेर मात्र बिनमिठाचं उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं, असं काहीतरी जास्त मोलाचं घ्या. जेवढा खाऊ जाईल तेवढं जेवण कमी करा, लॅब अंगाने फार लवकर सुटतो. द्राक्षं, मनुके, चॉकलेट, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत. म्हणून तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला मटणाचा तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका, कांदा-लसणाचा अर्क त्यात मुरलेला असतो. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात.

सुरुवात घरातल्या सोप्यात किंवा हॉलमध्ये, दोरी न लावता. तुम्ही नुसतं इकडून तिकडे चाला. ब्रुनो आपणहून तुमच्या डाव्या पायाजवळ आला की त्याच क्षणी "हां!" म्हणा आणि खाऊ द्या. "हां" हा शब्द छोटा आणि घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. कुणी "गुड बॉय", कुणी "शाब्बास", कुणी "व्वा रे वाघा" असं नको. लाडाने म्हणायचं ते नंतर म्हणा.

खाऊ कुठे देता याकडे माझ्या अनुभवात सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. तो तुमच्या मांडीला लागून, सलवारीच्या शिवणीजवळच दिला गेला पाहिजे. खाऊ जिथे मिळतो, तिथे पिल्लू उभं राहायला शिकतं. हात पुढे करून दिलात, तर ते पुढे येऊन वाट अडवेल. वरून दाखवलात तर उड्या मारेल. उजव्या हाताने अंगावरून आडवा दिलात तर पायात येऊन तुम्हाला पाडेल. डावीकडे चालवायचं असेल तर डाव्याच हाताने, त्याच्या तोंडाच्या उंचीला द्या. आधी एका पावलाला एक तुकडा, मग दोन पावलांना, मग चार, मग परत एक. ठरावीक वाढवत नेऊ नका, कधी लवकर तर कधी उशिरा मिळू दे. तीन-चार मिनिटं झाली की बंद. पिल्लाचं लक्ष त्याहून जास्त टिकत नाही. दिवसातून तीन-चार वेळा असं केलंत तर पुरे. ते जमलं की घरातच दोरी लावून हेच करा, मग गच्चीवर.

दाराशी जरा थांबा, कारण फिरणं तिथूनच सुरू होतं. दोरी खुंटीवरून काढली की ब्रुनो नाचत असणार. नाचला की दोरी परत खुंटीवर लावा आणि काही न बोलता बसून घ्या. चारी पाय जमिनीवर आले की परत उठा. दोरी लावल्यावर दार थोडं उघडायचं, तो घुसला की लावायचं, थांबला की उघडायचं. पहिले काही दिवस यातच सगळा वेळ जाईल, जाऊ द्या. पेठेतली घरं थेट गल्लीत उघडतात, समोरून मोटारसायकल कधी येईल सांगता येत नाही. उंबऱ्यावर थांबायची सवय त्याचा जीव वाचवणारी आहे.

मग गल्ली, तीही सकाळी लवकर, शांत असताना. दोरी मधे झोळीसारखी सैल लोंबली पाहिजे. ती ताणली की तिथेच उभ्या राहा. दोरीचा हात पोटाशी घट्ट धरा. हाक नको, खेचणं नको, चुचकारणंही नको. तो जोर लावेल, कुंई करेल, मग कधीतरी मागे वळून बघेल किंवा अंगाचा भार मागे घेईल. दोरी सैल पडली की लगेच "हां!" आणि पुढे चला. पंधरा मिनिटांत शेजारच्या दोन घरांपुढे गेला नाहीत तरी चालेल. लोक बघतील, कुणी विचारेलही "काय वहिनी, कुत्रं चालंना काय?" बघू देत.

इथे एक खोच आहे. हुशार पिल्लू, आणि लॅब हुशारच असतो, लवकरच एक साखळी जोडतं: ओढायचं, बाई थांबते, मागे यायचं, खाऊ मिळतो, परत ओढायचं. तुम्हाला वाटतं तो शिकतोय, आणि तो शिकतच असतो, फक्त भलतंच. यावर उपाय असा, की मागे आल्याबद्दल खाऊ द्यायचाच नाही. मागे आल्याचं बक्षीस म्हणजे पुढे चालायला मिळणं. खाऊ सैल दोरीवर चार-पाच पावलं टाकल्यावर द्यायचा. आणि शक्य तितक्या वेळा दोरी ताणायच्या आधीच त्याला गाठायचं. त्याचे कान पुढे झाले, चाल वाढली, शेपटी ताठ झाली की हसत "चल" म्हणा आणि उलट दिशेला वळा. तो धावत बरोबरीला आला की खाऊ. गरगर फिरवून त्याला दमवू नका, वळण हे निमंत्रण वाटलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, मग त्याच्या फिरण्याचं आणि शी-शूचं काय? रोज प्रत्येक वेळी शिकवणं कुणालाच जमत नाही, म्हणून तर दोन वस्तू घ्यायला सांगितल्या. दोरी पट्ट्याला लावली म्हणजे शिस्तीत चालायचं. दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावली म्हणजे मोकळीक, तिथे थोडं ओढलं तरी आपण तक्रार करायची नाही. पिल्लाला हा फरक चटकन कळतो. सुट्टीच्या दिवशी एखाद्या रिकाम्या पटांगणावर हार्नेसला पाच मीटरची लांब दोरी लावून हवं तेवढं हुंगू द्या. हुंगणं ही चैन नव्हे. कुत्र्याला जग नाकातून कळतं, आणि भरपूर हुंगलेलं पिल्लू घरी येऊन शांत झोपतं. हुंगणं बक्षीस म्हणूनही वापरता येतं. विजेच्या खांबापर्यंत सैल दोरीने गेलात की "जा, घे वास" म्हणून सोडा. चिकनपेक्षा त्याला ते कधीकधी जास्त आवडेल.

बसकण मारणं आणि दोरी चावणं यांना हट्ट समजू नका. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात, समोर दोरी असते. पण संध्याकाळच्या रंकाळ्यावरच हे होतंय, म्हणजे मला मुख्य कारण वेगळं दिसतं. हॉर्न, फुगेवाले, पळणारी पोरं, तळणीचे वास, हात लावायला येणारी माणसं. या वयाचं पिल्लू दिवसातला बहुतेक वेळ झोपतं, त्याला एवढं सगळं एकदम पेलवत नाही. मग काही पिल्लं गळून बसतात, काही पिसाळल्यासारखी दोरीवर तुटून पडतात. बसला तर ओढत नेऊ नका. बाजूला उकिडवं बसा, श्वास घेऊ द्या, उठला की घराकडे वळा. दोरी चावायला लागला तर ती सैल सोडून स्थिर उभं राहा, तोंडात द्यायला जवळ एखादं कापडी खेळणं ठेवा. घरातसुद्धा उठता-बसता अडखळत असेल, एखादा पाय वाचवत असेल, तर शिकवणं थांबवून आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. लॅबमध्ये खुब्याचा आणि कोपराचा त्रास लहान वयातही निघतो.

किती फिरवायचं? जितके महिने वय, तितकं पाच मिनिटांच्या पटीत, असा एक आडाखा तुम्ही ऐकला असेल. त्याला भक्कम अभ्यासाचा आधार नाही, तरी सक्तीचं लांब चालवणं आणि जिने चढ-उतार करायला लावणं टाळावं हे खरंच. मोठ्या जातींच्या हाडांची वाढ वर्षभर, कधी दीड वर्षापर्यंत चालते.

रंकाळा सध्या बंद ठेवा. मुलं हिरमुसतील, पण तो परीक्षेचा हॉल आहे आणि ब्रुनो अजून बालवाडीत आहे. गल्लीत, मग जरा वर्दळीच्या रस्त्यावर दोरी सैल राहायला लागली, की आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी भल्या सकाळी, चौपाटीची बाजू सोडून न्या. पहिल्यांदा चालवूच नका. काठापासून अंतर ठेवून दहा मिनिटं बसा, येणारे-जाणारे बघू द्या, बघून तुमच्याकडे वळला की खाऊ द्या, आणि तो दमायच्या आत परत फिरा. "किती गोड!" म्हणत लोक येतील. त्यांना स्पष्ट सांगा, चारी पाय खाली असतील तरच हात लावा. आज उडी मारल्यावर कुरवाळलं, तर उद्या तीस किलोंचा ब्रुनो एखाद्या आजींच्या अंगावर तशीच उडी मारेल.

गल्लीतली कुत्री हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, त्या ओळखून वाट निवडा. समोरून कुत्रं आलं की सगळेजण घाबरून दोरी आवळतात. आवळली की पिल्लाची छाती वर उचलली जाते, पुढचे पाय ताठ होतात, आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. दोरी सैल ठेवून वळसा घ्या. अंगावर येतंय असं वाटलं तर मूठभर खाऊ त्याच्या पुढ्यात जमिनीवर फेका आणि न पळता निघून जा. ब्रुनोचे लसीचे सगळे डोस आणि रेबीजची लस झाली आहे का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. माणसाला दात लागला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मार्च ते मे डांबर फार तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंज्यांनाही सोसणार नाही. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची भीती असते. घरी आल्यावर बोटांच्या फटी पुसून कोरड्या करा.

आता घरातल्यांची कामं. ब्रुनो आज मुलांना खेचतोच आहे, म्हणून मुख्य दोरी मोठ्या माणसाच्याच हातात असू द्या. मुलाला हवं तर हार्नेसला दुसरी दोरी लावून द्या. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, कुणीच नाही. खाऊची पिशवी आणि "हां" म्हणायचं काम मुलांकडे द्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते. आणि आप्पांना सकाळची गल्लीतली फेरी द्या. वडीलधाऱ्यांची संथ, न थांबता एका लयीतली चाल पिल्लाला शिकायला उत्तम असते, त्यांना घाईही नसते. फक्त एक कबूल करून घ्या: ओढलं की थांबायचं. घरातल्या चौघांनी नियम पाळला आणि पाचव्याने ओढू दिलं, तर कधीतरी मिळणारं ते यश ओढण्याची सवय आणखी घट्ट करतं. त्यांना एकदा "हां" म्हणून चिकन देऊ द्या. ब्रुनो मान वर करून त्यांच्याकडे बघत चालायला लागला, की साखळीचा विषय घरातून आपोआप निघतो, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

रोज नेमाने केलंत तर काही आठवड्यांत गल्लीतला फरक दिसेल. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान मात्र एक दिवस वाटेल, सगळं विसरला! तो वयात येत असतो, कान बंद आणि नाक उघडं. घाबरू नका, रागावू नका, परत शांत गल्ली आणि परत पावलापावलाला खाऊ, एवढंच करा. खाऊ कधी बंद करायचा, हे सगळेच विचारतात. रोजच्या वाटेवर हळूहळू विरळ करा, त्याजागी हुंगायची मुभा आणि तोंडभर कौतुक द्या. नवी जागा, दुसरा कुत्रा, लग्नाची वरात असं काही समोर आलं की खिशात चिकन हवंच. गणपतीच्या मिरवणुकीत आणि फटाक्यांच्या रात्री त्याला बाहेर काढूच नका. त्या दिवसांत शी-शू उजेडात उरकून घ्या. आणि दोरीवर असताना माणसांवर किंवा कुत्र्यांवर गुरगुरायला लागला, किंवा भीतीने घराबाहेरच पडेना, तर थांबू नका. खाऊ देऊन शिकवणारा प्रशिक्षक गाठा आणि पहिल्याच भेटीत त्याला विचारा, "तुम्ही गळ्यात काय घालता?"